आधी निष्कर्ष, मग विषय

बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाचा विषय निवडायची एक ठरलेली वेळ असते: वही जमा करायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. कॉलेजने सूचना कधीच लावलेली असते, विषयांची यादीही दिलेली असते आणि ती यादी कुणाच्या तरी मोबाईलमध्ये वाढदिवसांच्या फोटोंखाली सहा महिने सुखाने पडून असते. त्या संध्याकाळी ग्रुपवर पहिला मेसेज येतो तो 'कुठला विषय घेतलास' असा नसतो, 'कुणाची पूर्ण झालीय' असा असतो. ज्याची झाली असेल त्याचा विषय तोच सगळ्यांचा विषय. त्यातला एखादा स्वाभिमानी निघालाच तर तो गावाचं नाव बदलतो, आणि नाशिकच्या गोदावरीचं प्रदूषण आकडेवारीसकट कोल्हापुरात येऊन पंचगंगेला मिळतं. नदीजोड प्रकल्प सरकारला अजून पुरता जमायचा आहे. बारावीच्या मुलांनी तो केव्हाच तडीस नेला. विषयही मोजून आठ-दहा. ध्वनिप्रदूषण, प्लास्टिकचा भस्मासुर, जागतिक तापमानवाढ, घनकचरा, वृक्षतोड, सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याची साठवण. त्यांच्यापुढे 'एक अभ्यास' किंवा 'कारणे, परिणाम व उपाय' एवढं जोडलं की संशोधनाचा अवघड भाग उरकला. उरलेलं काम स्केचपेनचं.

या वहीचं मूळ थेट सर्वोच्च न्यायालयात आहे. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असा निर्देश दिला. राज्यांनी तो नेहमीच्या तडफेने ऐकला, म्हणजे २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले. मग एनसीईआरटीने नमुना अभ्यासक्रम केला आणि विषय सगळीकडे वर्गात येऊन बसला. आज महाराष्ट्रात कला, वाणिज्य, विज्ञान असा भेद न करता तो अकरावी-बारावीच्या सगळ्यांना आहे, हल्ली त्याला जलसुरक्षाही जोडली आहे आणि त्यात गुणांऐवजी श्रेणी मिळते. हे श्रेणीचं कलम निर्णायक ठरलं. ज्या विषयाचे गुण टक्क्यांत धरत नाहीत तो विषय आपल्याकडे फक्त वेळापत्रकात असतो. न्यायालयाला अभिप्रेत होतं की मुलाने आपल्या आसपास डोळे उघडे ठेवून बघावं. मुलाने एवढंच बघितलं की मागच्या वर्षीच्या ताईची वही कुठे ठेवली आहे.

त्या वहीकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. प्रस्तावना, विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ असा तिचा साचा, आणि त्या सगळ्याच्या आधी ऋणनिर्देश. बहुतेक वह्यांत ऋणनिर्देश हाच एकमेव स्वतंत्र मजकूर असतो, कारण तिथे सरांचं नाव बदलावं लागतं. सरांच्या 'अमूल्य मार्गदर्शना'बद्दल आभार असतात. सरांना विषय कळतो तो सही करताना. प्राचार्यांच्या 'बहुमोल सहकार्या'बद्दलही असतात, आणि ते खरं असतं, कारण त्यांनी हरकत घेतलेली नसते. मग उद्दिष्टे: समस्येची माहिती मिळवणे, कारणे शोधणे, परिणाम अभ्यासणे, उपाय सुचवणे, जनजागृती करणे. यात ध्वनिप्रदूषणाच्या जागी डोकेदुखी घातली तरी एक शब्द इकडचा तिकडे करावा लागत नाही. कार्यपद्धतीत 'सदर प्रकल्पासाठी इंटरनेट, वृत्तपत्रे व ग्रंथालयाचा वापर केला' हे वाक्य असतं, त्यातलं ग्रंथालय शोभेला. निरीक्षणांच्या पानावर वर्तमानपत्रातलं कात्रण किंवा झेरॉक्सच्या दुकानातून आणलेलं रंगीत चित्र डकवलेलं असतं. चित्रात बहुधा पृथ्वीला घाम फुटलेला असतो नाहीतर तिने तोंडात थर्मामीटर धरलेला असतो. निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो: हे घातक आहे आणि आपण सर्वांनी मिळून प्रयत्न केले पाहिजेत.

यावर सर्वमान्य निदान असं की मुलं कॉपी करतात. मला हे निदान उथळ वाटतं. कॉपी हे लक्षण आहे. रोग विषयाच्या निवडीत आहे. 'जागतिक तापमानवाढ' हा विषय घेतलेल्या अत्यंत प्रामाणिक, सालस, सत्यवचनी मुलापुढेही कॉपीवाचून दुसरा मार्ग नसतो. याच प्रश्नासाठी १९८८ साली आयपीसीसी ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, जगभरचे शेकडो शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खपून हजारो पानांचे अहवाल काढतात, आणि तेच काम आपण सतरा वर्षांच्या मुलाला घरी बसून, दिवाळी आणि प्रिलिमच्या मधल्या फटीत करायला सांगतो. तो करणार काय? गच्चीवर थर्मामीटर घेऊन उभा राहील? विषय एकदा पृथ्वीएवढा झाला की त्यात मुलाला स्वतः बघण्याजोगं काही उरत नाही. सगळं दुसऱ्या कुणीतरी बघितलेलं असतं आणि ते उतरवून काढणं एवढंच हाती राहतं. म्हणजे विषय जितका मोठा तितकं बूड हलवायचं काम कमी. हा नियम मुलांना कुणी शिकवलेला नसतो, त्यांनी तो स्वतः शोधलेला असतो, आणि खरं तर त्या वर्षातलं त्यांचं मूळ संशोधन एवढंच.

मग खरा विषय ओळखावा कसा? कसोटी सोपी आहे. निरीक्षणं करण्याआधी निष्कर्ष लिहिता येत असेल तर तो विषय नव्हे. 'ध्वनिप्रदूषण: एक अभ्यास' हा मथळा वाचताक्षणी निष्कर्ष कळतो. आजवर कुठल्या वहीत 'आम्ही बराच शोध घेतला. ध्वनिप्रदूषण तब्येतीला चांगलं असतं' असं निघालं आहे का? निघणं शक्यच नसेल तर शोध घेतला कशाचा? जिथे आपलं म्हणणं चुकू शकतं तिथेच संशोधनाला वाव असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला तक्ता या विषयाच्या जवळपास प्रत्येक वहीत सुवाच्य अक्षरात असतो: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. पण आपल्या गल्लीत संध्याकाळी सातला किती डेसिबल असतात, हा आकडा शोधूनही सापडत नाही. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप फुकट मिळतं. त्याचा आकडा काटेकोर नसेल, पण शाळेसमोरचा चौक आणि मागची बोळ यांतला फरक त्यावर नक्की कळतो. 'आमच्या भागात सगळ्यात जास्त गोंगाट कुठे आणि किती वाजता?' याचं उत्तर मुलाला आधी ठाऊक नसतं. त्याला वाटेल मुख्य रस्त्यावर, आणि निघेल मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला. तिथे विषय सुरू झाला.

काही वह्यांत सर्वेक्षण असतं, ते तर आणखी निवांत प्रकरण. 'प्लास्टिकमुळे पर्यावरणाची हानी होते असे आपणास वाटते का? होय / नाही.' दहा जणांना विचारलं असं लिहायचं, कारण दहावरून टक्केवारी काढायला सोपी. त्यातले नऊ होय म्हणतात, आणि एकजण शंका यायला नको म्हणून नाही म्हणतो. मग त्याचा पायचार्ट. या दहा जणांत बहुधा आई, बाबा, आजी आणि वर्गातली अशी सात मुलं असतात ज्यांना आपल्याला विचारल्याचं माहीत नसतं. सर्वेक्षण हा प्रकार वाईट नाही. त्यात काही पणाला लागलेलं हवं. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या नेथन झोनर या चौदा वर्षांच्या मुलाने १९९७ साली विज्ञान प्रदर्शनासाठी पन्नास वर्गबंधूंपुढे एका रसायनाची खरीखुरी माहिती मांडली: नाव डायहायड्रोजन मोनॉक्साइड, आम्लवर्षावात सापडतं, धातू गंजवतं, नाकातोंडात गेलं तर जीव जाऊ शकतो. आणि विचारलं, याचं काय करावं? त्रेचाळीस जणांनी बंदी घालायला मत दिलं. ते पाणी होतं, हे फक्त एकाला कळलं. झोनरचा विषय पाणी नव्हता, रसायनही नव्हतं. माणसं किती चटकन फसतात हा होता. आपल्याकडच्या 'होय / नाही'वाल्या प्रश्नावलीतही हाच प्रयोग दरवर्षी होत असतो, फक्त फसणारा परीक्षक असतो.

मोठा विषय इतका लोकप्रिय का, याचं आणखी एक कारण आहे आणि ते मुलांच्या आळसाहून जास्त समंजस आहे. मोठा विषय कुणालाच अडचणीत आणत नाही. 'जलप्रदूषण' लिहिलं की दोष मानवजातीवर जातो आणि मानवजात कॉलेजात येऊन जाब विचारत नाही. 'आपल्या कॉलेजमागच्या ओढ्यात सांडपाणी कुठून येतं?' असं लिहिलं की उत्तराला पत्ता असतो, क्वचित आडनावही असतं, आणि ते आडनाव संस्थेच्या फलकावर देणगीदारांत दिसण्याचा संभव असतो. वृक्षतोडीबद्दल अॅमेझॉनच्या जंगलावर अश्रू ढाळणं सुरक्षित. कॉलेजच्या आवारात मंडपासाठी तोडलेल्या पिंपळाबद्दल बोलणं असुरक्षित. सरांना हे कळतं, मुलांना हे सरांकडून कळतं, आणि यादीत अॅमेझॉन येतं. तेव्हा मुलांना कुतूहल नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. आपणच यादी अशी करतो की कुतूहलाला पाय टेकवायला जमीन मिळू नये.

आता पहिला आक्षेप: लहान, गल्लीतले विषय म्हणजे काय संशोधन? ओढा, बोळ, हे विषय शोभतात का? हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्या इकडच्या मोठ्या माणसांनी कशावर काम केलं ते बघावं. गोव्यातल्या कोसबेत जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डहून शिकून आलेले गणिती. त्यांनी काय केलं? प्राचीन नाणी तराजूत घालून वजनं केली, हजारोंच्या संख्येने, आणि वापरात झिजून वजन किती घटलं यावरून नाण्यांच्या काळाचा माग काढला. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून दगडाची इवलाली हत्यारं गोळा केली, आणि वाटेवरचा म्हसोबा, वेताळ, शेंदूर फासलेल्या आया यांची ठाणी जुन्या पायवाटांशी कशी जुळतात ते शोधलं. म्हसोबा! बारावीच्या वहीत हा विषय घेतला तर घरचे म्हणतील, काहीतरी चांगला घे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली १९३० साली जर्मनीतून शिकून परतले तर त्यांची संग्रहालयातली जागाच रद्द झालेली. नोकरी नाही म्हणून ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले, तिथे घराजवळच्या झाडाला सुगरणीची घरटी लटकत होती, आणि ते त्यांच्याकडे बघत बसले. महिनोन् महिने. त्यातून निघालं की नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर तो ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी पुढचं घरटं विणायला घेतो. हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते समजण्यासाठी लागलं काय तर एक झाड आणि बेकारी.

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तर याहून स्वस्तात सुटले. त्यांना झाडही लागलं नाही. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर हीच क्रिया केली तर पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या याच मुक्कामाला येते. वजाबाकी प्राथमिक शाळेतच शिकवतात. कापरेकरांनी आणखी एका प्रकारच्या संख्यांना 'डेमलो' हे नाव दिलं, ते त्यांना ती कल्पना ज्या रेल्वे स्टेशनवर सुचली त्यावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून. डोंबिवली स्टेशनवर आज रोज लाखो लोकांना काय काय सुचतं, पण ते गणितात मोडत नाही. १९७५ साली गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या विषयाला तोवर इथे छंद म्हणत.

दुसरा आक्षेप लगेच येतो: ती थोर माणसं, आमच्या पोराचं काय घेऊन बसलात? तर पोरांचंही सांगतो. टांझानियातल्या एरास्तो म्पेम्बा या शाळकरी मुलाने १९६३ साली शाळेत आइस्क्रीम करताना, फ्रीजरमधली जागा दुसरा कुणी बळकावील या भीतीने, उकळलेलं दूध थंड न करता तसंच आत सरकवलं. त्याचं आइस्क्रीम आधी गोठलं. वर्गात विचारलं तर शिक्षकांनी खिल्ली उडवली, मुलं हसली. पुढे विद्यापीठातून डेनिस ऑस्बोर्न हे प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले तेव्हा त्याने तोच प्रश्न पुन्हा टाकला. ऑस्बोर्न यांनी परत जाऊन प्रयोग करवला, आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने निबंध छापून आला. गरम पाणी खरंच आधी गोठतं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत; म्हणजे विषय किती चांगला निवडला होता ते बघा. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात ब्लॅकऑटन नावाच्या खेड्यातल्या आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी भुंग्यांना रंग आणि त्यांची मांडणी ओळखायला शिकवलं, आणि त्यांचा निबंध २०१० च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीच्या 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये आला. आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या, सुरुवात परीकथेच्या थाटाची, आणि संदर्भसूची नाहीच. आपल्याकडे एवढ्यावर वही परत आली असती.

तिसरा आक्षेप जास्त कळकळीचा असतो: समजा मुलाने महिनाभर बघितलं आणि काहीच निघालं नाही, तर? इथे अमेरिकेतल्या एमिली रोझाची साक्ष पुरे. शरीराला हात न लावता त्याभोवतीचं ऊर्जावलय जाणून बरं करणाऱ्या उपचारकांबद्दल तिने ऐकलं, आणि नऊ वर्षांची असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग मांडला. पुठ्ठ्याचा आडोसा, त्याला दोन भोकं, उपचारकाने त्यातून हात घालायचे. ती नाणं उडवून ठरवणार की आपला हात त्यांच्या उजव्या हातावर धरायचा की डाव्या. त्यांनी सांगायचं कुठे आहे. एकवीस उपचारक, २८० प्रयत्न, बरोबर आले ४४ टक्के. डोळे मिटून छापा-काटा म्हटलं असतं तरी निम्मे आले असते. काहीच निघालं नाही, आणि तेच निघालं. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ते छापून आलं तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती. खर्च पुठ्ठ्याचा.

'पण बारावीला वेळ कुठे आहे? सीईटी, नीट, जेईई, क्लास, क्लासची टेस्ट!' हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो माझ्या बाजूचा आहे. चाळीस पानं हाताने, पट्टीने समास आखून, मथळ्यांना दोन रंगांत अधोरेखन करून उतरवायला अख्खी रात्र जाते, वर आईचीही तीच रात्र चित्रं कापण्यात. आता सोसायटीतल्या बी विंगची पाण्याची टाकी घ्या. रोज सकाळी ती भरून वाहते, पाणी पाइपातून खाली पार्किंगमध्ये पडतं, आणि सेक्रेटरी दर वार्षिक सभेत 'थोडंसंच वाहतं' म्हणतात. थोडंसं म्हणजे किती, हा झाला विषय. साहित्य: पंधरा लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ. समजा बादली अर्ध्या मिनिटात भरली, तर मिनिटाला तीस लिटर. समजा वॉचमनकाका पंप बंद करीपर्यंत वीस मिनिटं वाहिलं, तर सहाशे लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं हा सरकारी हिशेब. म्हणजे रोज चार माणसांचं दिवसाचं पाणी गाड्यांच्या चाकांखाली. सात सकाळी मोजायचं, तारीखवार कोष्टक करायचं, रविवारी जास्त वाहिलं तर का ते वॉचमनकाकांना विचारायचं. ते सांगतील की रविवारी पेपर मोठा असतो. एकूण वेळ रोजचा अर्धा तास, वही सहा पानांची. म्हणून सांगतो, आळशी मुलाने तर छोटाच विषय घ्यावा. मोठा विषय घ्यायला कष्टाळूपणा लागतो.

सरांच्या बाजूने विचार केला तर एका तुकडीत शंभराच्या आसपास मुलं, तुकड्या तीन-चार, आणि सहीला एक आठवडा. प्रत्येकाचा विषय वेगळा झाला तर वाचणार कोण, असं ते म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण आत्ता तरी कोण वाचतं? शंभर वेळा तोच भस्मासुर भेटला की माणूस शेवटच्या पानावर सही करून मोकळा होतो, आणि ते त्याच्या प्रकृतीच्या दृष्टीने योग्यच आहे. सहा पानांच्या शंभर वह्या चाळीस पानांच्या शंभर वह्यांपेक्षा हातात धरायलाही हलक्या. शिवाय कुणाच्या बिल्डिंगमध्ये किती पाणी वाहतं हे दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकण्याइतकं रंजक असतं, सर वाचतील.

खरी अडचण परीक्षकाची. काहींची श्रेणी वहीच्या जाडीवरून ठरते, हे उघड आहे, आणि 'बी विंगची टाकी' असा मथळा पाहून ते वही तळहातावर तोलतील यातही शंका नाही. त्यावर उपाय आपल्या विद्यापीठांनी फार पूर्वी शोधून ठेवला आहे. पीएच.डी.च्या प्रबंधाला आभाळाएवढं नाव द्यायचं आणि खाली 'विशेष संदर्भ' म्हणून जमिनीवर उतरायचं. 'शहरी भागातील पाण्याचा अपव्यय: कारणे, परिणाम व उपाय (विशेष संदर्भ: बी विंग)'. कव्हरवर परीक्षकाचं समाधान होतं, आत मुलाचं. ही लबाडी आहे का? आहे. पण बाहेर मोठं नाव आणि आत काही नाही, या प्रचलित लबाडीपेक्षा ती निम्म्याने तरी कमी आहे.

आणि हल्लीचा आक्षेप: आता एआयला सांगितलं की अर्ध्या मिनिटात प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत सगळं हजर, मग विषय लहान काय, मोठा काय? जागतिक तापमानवाढीवर ते यंत्र मुलापेक्षा, सरांपेक्षा आणि ताईच्या वहीपेक्षा सरस लिहील, हे मान्य. याचा अर्थ तो विषय संपला एवढाच. जे काम झेरॉक्सवाला करत होता ते आता विनामूल्य झालं. पण बी विंगच्या टाकीतून मंगळवारी किती पाणी वाहिलं हे त्याला सांगता येत नाही, कारण ते कुणीच कुठे लिहून ठेवलेलं नाही. विचारलं तर ठोकून देईल, आणि तिथेच सापडेल.

राहता राहिली शेवटची शंका, आणि ती अनुभवी प्राध्यापकच काढतात: टाकीचा विषय एकदा गाजला की पुढच्या वर्षी यादीत तोच येईल, ताईची वही फिरेल, आणि सगळ्या शहरातल्या टाक्या रोज बरोबर सहाशे लिटर वाहू लागतील. वाहतील, यात मला शंका नाही. पण पृथ्वीचं तापमान वहीत लिहिल्याएवढं वाढलंय का, हे बघायला परीक्षकाला कुठे जाता येत नाही. टाकी मात्र बघता येते. तेव्हा उतरवणाऱ्याने एवढीच खबरदारी घ्यावी की आपले परीक्षक कुठल्या सोसायटीत राहतात याची आधी चौकशी करावी, चार जणांना विचारावं, तारीखवार नोंद ठेवावी.